नोव्हेंबरचे पाय

स्केल्डिंग घराण्याने पैसा केला तो साखळदंड विकून. जहाजांचे, खाणींचे, बैलांचे, जो मागेल त्याला साखळदंड. पुढे थोरले सर जोशिया धुराला विटले आणि इंग्लंडातल्या श्रॉपशर परगण्यात आमच्या हेझलकम गावाच्या डोक्यावर त्यांनी हवेली बांधायला घेतली. लाल विटा, मध्ये पिवळ्या दगडाचे पट्टे, टोकदार कमानी, आणि बुरूज म्हणाल तर मोजत बसावं इतके. ज्या मुलखात शेजाऱ्याच्या कोंबड्यांशिवाय कुणी कुणावर चाल करून जात नाही तिथे बुरुजांचं काय काम, असं गावातले म्हातारे विचारायचे. पण साहेबांना कोण विचारणार? प्रत्येक धुराड्यावर वेगळी नक्षी होती. स्वयंपाकघर मात्र जेवणघरापासून इतकं लांब ठेवलं होतं, की सूप टेबलावर पोचेपर्यंत त्यावर साय धरायची. वास येऊ नये म्हणून ही व्यवस्था. वास कधी आला नाही, आणि गरम सूपही कधी कुणाला मिळालं नाही.

आत तर वीतभर जागा कोरी सोडली नव्हती. दिवाणखान्याच्या छतावर निळ्या रंगात सोनेरी चांदण्या, जेवणघराच्या भिंतींवर हरणं, मासे, तितर, म्हणजे जे खायचं तेच बघत खायचं. दारांच्या चौकटींवर डाळिंबं रंगवली होती. आमच्या गावात डाळिंब कुणी चाखलेलं नव्हतं. घराण्याच्या चिन्हात साखळी होती खरी, पण ती ओळखू येऊ नये म्हणून चित्रकाराने तिला पानं फुटवून तिची वेल करून टाकली होती. हिरव्या लोकरी कापडाने मढवलेलं एक जाड दार होतं, त्याच्या पलीकडे नोकरांचा भाग. तिथे भिंती खाली चॉकलेटी आणि वर पिवळट, बास. दार लोटलं की जग बदलायचं.

पहिल्या मजल्यावर जिन्यापासून झोपायच्या खोल्यांपर्यंत जाणारी लांब गॅलरी होती. तिच्यासाठी लंडनहून मिस्टर क्वेल नावाचे चित्रकार आले. त्यांनी ठरवलं, की एका भिंतीवर वर्षाचे बारा महिने रंगवायचे, बारा स्त्रिया एकीमागून एक चालल्या आहेत अशा. खाली गुडघ्याइतक्या उंचीपर्यंत रंगवलेलं गवत, आणि त्या गवतावर या पुऱ्या उंचीच्या बायका. चेहरे घरातल्या मंडळींचे. झालं, घरात महाभारत सुरू झालं. मे महिना सर जोशियांच्या पत्नीने, लेडी स्केल्डिंगबाईंनी, आधीच बळकावला. जूनवरून दोन भाच्या एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. सर जोशियांची बहीण ऑगस्टाबाई, लग्न न झालेली, तिच्या वाट्याला नोव्हेंबर आला. त्यानंतर ती बाई त्या गॅलरीतून मरेपर्यंत डोळे मिटून गेली म्हणतात. एकदा फुलदाणीवर आपटली, तरी डोळे उघडले नाहीत.

आता महिने म्हटले की ते अनवाणी हवेत, असं मिस्टर क्वेलचं म्हणणं. पण घरंदाज बाईने परक्या पुरुषासमोर पायमोजा काढायचा म्हणजे काय? तेव्हा तोडगा निघाला, की चेहरे घरातले आणि पाय गावातले. चर्चच्या पाद्र्याने नाक मुरडलं, पण हवेलीशी वाकडं घेण्याइतका तो शूर नव्हता. गावातल्या पोरी रांगेने गेल्या, आणि नोव्हेंबरसाठी चित्रकाराने निवडली तिर्झा मॅडॉक्स. शेताची कुंपणं विणणाऱ्या मॅडॉक्सची ती थोरली लेक. तिच्या पाठची केटुरा. ही गोष्ट केटुराची आहे.

केटुराही गेली होती त्या रांगेत. मिस्टर क्वेलनी तिच्या पायांकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "हे पाय डिसेंबरलासुद्धा चालणार नाहीत." तिर्झाचे पाय मात्र निमुळते, लहान. त्यातही डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसलेली. लहानपणी गाईने पाय दिला होता, तेव्हापासून ती तशीच. तिर्झाने ती झाकायला पाय मागे ओढला, तर चित्रकार म्हणाले, "राहू दे. खरी आहे."

गॅलरीच्या खिडक्यांना अजून काचा बसायच्या होत्या. तिर्झा दिवसच्या दिवस दगडी फरशीवर अनवाणी उभी राहायची आणि संध्याकाळी घरी येऊन ते बर्फ झालेले पाय धाकटीच्या पोटऱ्यांना लावायची. केटुरा किंचाळायची.

"ओरडू नकोस गं," तिर्झा म्हणायची. "उद्यापासून हे पाय हवेलीत राहणार आहेत. तुझ्या वाट्याला फक्त मी."

त्याच हिवाळ्यात तिच्या छातीत सर्दी उतरली आणि नाताळच्या आत ती गेली. तिचा फोटो काढलेला नव्हता. आमच्याकडे फोटो काढायचा तर लडलो शहराला जावं लागायचं, आणि लडलोला कोण जातो? कबरीवर लाकडी क्रूस लावला होता, तो काही वर्षांत कुजला.

पुढच्या वसंतात केटुरा हवेलीत कामाला लागली. वय पंधरा. सगळ्यात खालची मोलकरीण. केटुरा हे नाव मोलकरणीला जरा जास्तच होतं, म्हणून वरच्या मंडळींनी तिला जेन म्हणायला सुरुवात केली. आधीच्या जेनची खाटही तिलाच मिळाली.

लेडी स्केल्डिंगबाईंचा एक नियम होता. नोकरांनी दिसायचं नाही. आणि चुकून वाटेत घरातलं माणूस आलंच, तर हातातलं काम खाली ठेवून भिंतीकडे तोंड करायचं, मान खाली घालायची, आणि ते माणूस जाईपर्यंत हलायचं नाही. पहिल्याच आठवड्यात केटुरा कोळशाची बादली घेऊन गॅलरीतून निघाली होती आणि समोरून बाईसाहेब आल्या. ती गर्रकन वळली, मान खाली घातली, आणि बघते तर डोळ्यांसमोर तिर्झाचे पाय. गवतावर टेकलेले, टाचेला थोडा लालसर रंग, आणि डावी करंगळी शेजारणीवर चढलेली. नखसुद्धा तेच, अर्धं तुटकं. बाईसाहेबांच्या रेशमाची सळसळ मागून निघून गेली. केटुरा तशीच उभी राहिली, शेवटी मुख्य मोलकरणीने मागून तिच्या बरगडीत बोट खुपसलं.

तिथून पुढे तीस वर्षं हाच तिचा दिनक्रम. लोकांना वाटेल, मोलकरीण आहे, रोज झाडायला जाते, तेव्हा हवं तेवढं बघावं. पण ज्यांनी अशा घरात काम केलंय त्यांना विचारा. पहाटे शेगड्या, मग गालिचे, मग पाणी, मग बिछाने, आणि हातात झाडू घेऊन क्षणभर थांबलात की कुणीतरी मागे उभं असतंच. अख्ख्या दिवसात गप्प उभं राहणं हे कर्तव्य असायचं ते एवढ्या एकाच वेळी. केटुराने कुणाला न कळता घरातल्या मंडळींच्या येण्याजाण्याच्या वेळा पाठ केल्या. बाईसाहेब खोलीतून निघायच्या सुमारास ती काही ना काही कारण काढून नोव्हेंबरपाशी हजर असायची. पुढे बाईसाहेबांना संधिवात झाला. काठी टेकत त्या गॅलरी ओलांडायला चांगला वेळ घ्यायच्या. त्यांचा संधिवात वाढला तसं केटुराचं सुख वाढलं. हे बरं नाही, पण खरं आहे.

ती काय करायची तिथे? काही नाही. बघायची. कधी मनातल्या मनात बोलायची. बाप गेला तेव्हा तिने ते आधी त्या पायांना सांगितलं, मग स्वयंपाकघरात.

स्वयंपाकीणबाई मिसेस गिटिन्स, मिसेस फक्त मानापुरत्या, त्यांना संशय यायचा. "काय गं, तू नेहमी त्या नोव्हेंबरपाशीच कशी सापडतेस? तिथे काय मध लावलाय?"

"तिथे धूळ फार बसते," केटुरा म्हणायची.

"ऑगस्टाबाईंच्या तोंडावर बसत असेल. माशीसुद्धा बसायची नाही, धूळ तेवढी बसेल."

मध्ये एकदा एनॉक ट्रँटर सुताराने तिला मागणी घातली. माणूस सरळ, हातात कसब, गावात स्वतःचं घर. पण लग्न झालेल्या बाईला हवेलीत ठेवत नसत. केटुरा नको म्हणाली, कारण सांगितलं नाही. एनॉकने दुसरीशी लग्न केलं, ती बिचारी वारली, आणि तो विधुर म्हणून हवेलीतली दारंखिडक्या दुरुस्त करत राहिला. दोघं एकमेकांना हवापाण्याचं विचारत.

मग थोरले साहेब गेले आणि धाकटे साहेब नवी नवरी घेऊन आले. विनिफ्रेडबाई. शिकलेल्या, सायकल चालवणाऱ्या, साधे कपडे घालणाऱ्या, गरिबांविषयी पुस्तकं वाचणाऱ्या. सासूबाईंनी आपलं सामान फाटकाजवळच्या बंगल्यात हलवलं आणि त्या तिथून दुर्बिणीने हवेलीकडे बघू लागल्या. नव्या बाईसाहेबांनी आल्या आल्या सगळ्या नोकरांना खालच्या हॉलमध्ये जमवलं.

"आजपासून या घरात कुणीही भिंतीकडे तोंड करायचं नाही," त्या म्हणाल्या. "मी समोर आले तर माझ्याकडे बघा, गुड मॉर्निंग म्हणा. मी काही वाघीण नाही."

पोरी हसल्या. मिसेस गिटिन्सच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना कशानेही यायचं. केटुराची मान खालीच राहिली. ती आता मुख्य मोलकरीण होती, पंचेचाळिशी ओलांडलेली, आणि एका दमात तिचं सगळं गेलं होतं. तेही प्रेमाने.

तिने नियम पाळला नाही. म्हणजे पाळायचं ठरवून जायची, पण नोव्हेंबरपाशी आली आणि बाईसाहेबांची पावलं ऐकली, की मान आपोआप वळायची. नव्या बाईसाहेब पहिल्यांदा हसल्या. दुसऱ्यांदा थांबल्या. तिसऱ्यांदा त्यांनी केटुराच्या खांद्यांना धरून तिला हलकेच आपल्याकडे वळवलं.

"तुमचं नाव काय?"

"जेन, बाईसाहेब."

"खरं नाव."

"केटुरा."

"केटुरा, आता घाबरायचं कारण नाही. ते दिवस संपले. इकडे बघा, माझ्याकडे."

केटुराने बघितलं. चेहरा चांगला होता, मायाळू. पण त्याच्याकडे बघावं लागत होतं, आणि तिर्झा पाठीमागे राहिली होती. केटुराचे डोळे भरून आले. विनिफ्रेडबाईंचेही आले. दोघींची कारणं वेगळी होती, ते एकीलाच माहीत होतं.

रात्रीच्या जेवणाला विनिफ्रेडबाई नवऱ्याला म्हणाल्या, "तुमच्या आईने त्या बाईची मानच मोडून टाकलीय. तीस वर्षं त्या अंधाऱ्या भिंतीत तोंड खुपसून उभं राहायचं म्हणजे काय थट्टा आहे? ती गॅलरी मला पांढरी करून हवी. स्वच्छ, उजेडाची. नोकरांनासुद्धा तिथून ताठ मानेने चालता आलं पाहिजे." वाढणाऱ्या नोकराने हे बोलणं जसंच्या तसं खाली आणलं.

बातमी फाटकाजवळच्या बंगल्यात पोचायला वेळ लागला नाही. सासूबाई काठी आपटत आल्या.

"माझ्या मे महिन्यावर चुना फासणार? मी जिवंत असताना?"

"आई, त्या चित्रांत किती अंधार आहे बघा तरी."

"मला अंधार वाटत नाही. मी त्यात सव्वीस वर्षांची आहे."

आठवडाभर धुसफूस चालली. शेवटी धाकट्या साहेबांनी मधला मार्ग काढला. भिंतीला हात लावायचा नाही. पण जमिनीपासून महिन्यांच्या खांद्यांपर्यंत लाकडी फळ्या ठोकायच्या आणि त्या पांढऱ्या रंगवायच्या. चेहरे वर मोकळे राहतील. सासू खूश, सून खूश, आणि आपल्याला सुखाने जेवता येईल एवढंच साहेबांना हवं होतं.

स्वयंपाकघरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "चला, मुंडकी वाचली," मिसेस गिटिन्स पीठ मळत म्हणाल्या. "बारा बायका टबात आंघोळीला बसल्यासारख्या दिसतील, पण वाचल्या. केटुरा, तू का अशी मेल्यासारखी बसलीस? ऑगस्टाबाईचं तोंड वाचलं म्हणून दुःख होतंय?"

"पाय जाणार," केटुरा म्हणाली.

"कुणाचे?"

आणि मग तिने सांगितलं. तीस वर्षांत पहिल्यांदा, पिठाच्या परातीसमोर बसून, दोनचार वाक्यांत. मिसेस गिटिन्सचे हात पिठात तसेच राहिले. आश्चर्य म्हणजे त्या रडल्या नाहीत.

"जा आणि सांग तिला," त्या म्हणाल्या. "ही बाई ऐकते. ऐकायचा तिला शौकच आहे."

"मी कधी काही मागितलं नाही."

"म्हणूनच मिळेल. आम्ही रोज मागतो, आमचं कोण ऐकतंय? जा, एप्रन बदल आधी."

केटुरा गेली. बाईसाहेबांच्या खोलीत उभी राहून तिने कशीबशी सुरुवात केली, तर बाईसाहेबांना वाटलं पगारवाढ हवी आहे, आणि त्या लगेच हो म्हणाल्या. मग केटुराला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. बाईसाहेबांनी पुस्तक मिटलं. मध्ये एक शब्द बोलल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. सगळं ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मला दाखवा."

दोघी गॅलरीत आल्या. विनिफ्रेडबाई नोव्हेंबरसमोर चक्क गुडघ्यांवर बसल्या. बराच वेळ बघत होत्या.

"इतक्या वेळा मी इथून गेले," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, चित्रकाराला पाय काढता येत नव्हते."

"गाईने पाय दिला होता, बाईसाहेब."

"आणि तुम्ही भिंतीकडे वळत होतात ते..."

"हो."

बाईसाहेबांनी तिचा हात हातात घेतला. त्यांच्या आयुष्यात त्यांना इतकं खरं काही कुणी सांगितलं नसावं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी एनॉक ट्रँटरला बोलावून सांगितलं, की फळ्या ठरल्याप्रमाणे ठोकायच्या, पण नोव्हेंबरच्या पायांपुढे एक चौकट मोकळी सोडायची आणि तिला सोनेरी कड लावायची.

एनॉक फळ्या ठोकत ठोकत नोव्हेंबरपर्यंत आला तेव्हा केटुरा तिथेच होती. तो वाकला, करंगळी बघितली आणि हातोडा खाली ठेवला.

"हा तर तिर्झाचा पाय," तो म्हणाला. नाल्यात खेकडे पकडायला ती सगळी पोरं एकत्र जायची. त्याने करंगळीवरची धूळ अंगठ्याने पुसली. मग म्हणाला, "म्हणजे तू मला नको म्हणालीस ते याच्यासाठी."

"हो."

"मला वाटलं, माझी दाढी आवडली नाही."

"तीही नव्हती आवडली," केटुरा म्हणाली. तो हसला आणि कामाला लागला. त्याने ती सोनेरी कड इतकी नीट बसवली, की सांधा शोधून सापडला नसता.

काही दिवस केटुरा सुखात होती. मुभाच मिळाली होती. बाईसाहेबांनी सगळ्यांदेखत सांगितलं होतं, की केटुराला वाटेल तेव्हा तिने तिथे थांबावं. पण मुभा घेऊन थांबायला तिला जमेना. पोरी जाता येता तिच्याकडे बघून आवाज बारीक करायच्या. चौकटीशेजारी बाईसाहेबांनी एक दिवा लावून घेतला होता, त्याच्या उजेडात पाय आधीपेक्षा पिवळे दिसायचे. तरी ठीक होतं. आहेत ना, एवढं तिला पुरेसं होतं.

शिकारीचा हंगाम आला तशी पाहुण्यांची रीघ लागली. विनिफ्रेडबाईंना शिकार आवडत नसे, बायकांच्या टोप्यांवरच्या गप्पाही आवडत नसत. त्यांच्याजवळ पाहुण्यांना सांगण्यासारखी एकच चांगली गोष्ट होती, आणि ती त्या मनापासून सांगत. प्रत्येकाला त्या गॅलरीत नेत. बायका गुडघे न टेकता वाकून बघत, म्हणत, "किती हृदयाला भिडणारं." चष्मे डोळ्यांना लावून करंगळी बघत. शेजारच्या गावाहूनही लोक चहाच्या निमित्ताने येऊ लागले. काही जण जाताना केटुराच्या हातात नाणं ठेवत, आणि ती ते पाद्र्याच्या पेटीत टाकून येई. तिर्झाच्या मरणाची गोष्ट हळूहळू लांबत गेली. एकदा केटुराने दारामागून ऐकलं, की तिर्झाने शेवटचा श्वास घेताना त्या चित्राचं नाव घेतलं होतं. असं काही झालं नव्हतं. शेवटी तिर्झा पाणी मागत होती.

एका दुपारी शिकारीला आलेले एक कर्नल आणि त्यांच्याबरोबरची मंडळी तिथे जमली होती. केटुरा पलीकडच्या खोलीत बिछाने घालत होती. तिला हाक आली. ती बाहेर आली, हात एप्रनला पुसत.

"हीच ती बहीण," बाईसाहेब म्हणाल्या, अभिमानाने.

"उत्तम, उत्तम," कर्नल म्हणाले. त्यांचा स्वभाव मोकळा होता, जेवणही भरपूर झालं होतं. "पण मला सांगा, ही करंगळी घराण्यात आहे का? माझ्या घोड्यांमध्ये खुराची खोड सात पिढ्या चालत आली आहे."

"गाईने पाय दिला होता, साहेब," केटुरा म्हणाली.

"असं सगळेच सांगतात. आपण पैज लावू. तुझ्या पायाला असणारच."

एकजण हसला. एक बाई "काय हे, कर्नल" म्हणाली, पण तिनेही मान पुढे काढली. विनिफ्रेडबाई गोंधळल्या. पाहुण्यांना नाही म्हणायचं त्यांना शिकवलेलं नव्हतं.

"तुमची हरकत नसेल तरच, केटुरा," त्या म्हणाल्या.

हरकत. मोलकरणीला हरकत नावाची वस्तू कुठून असणार? केटुराने भिंतीला एक हात टेकला, एका पायावर उभी राहिली, बुटाची नाडी सोडली, बूट काढला, काळा लोकरी मोजा काढला. पाय मोठा, अंगठ्याशी हाड वाढलेलं, टाच फुटलेली. करंगळी सरळ होती. सगळ्यांनी वाकून बघितलं.

"नाही बुवा," कर्नल म्हणाले. "सरळ आहे. हरलो मी."

मंडळी चहाला गेली. केटुराने मोजा चढवला, बूट घातला, नाडी बांधली आणि राहिलेला बिछाना घातला. संध्याकाळी स्वयंपाकघरात ती नेहमीसारखी जेवली. मिसेस गिटिन्सनी काही विचारलं नाही. त्यांच्यापर्यंत सगळं आधीच पोचलं होतं, आणि त्यांनी कर्नलच्या पुडिंगमध्ये मीठ टाकलं होतं.

सकाळी केटुरा बाईसाहेबांच्या खोलीत गेली. दार वाजवून आत आली.

"ती चौकट बंद करून टाका, बाईसाहेब."

विनिफ्रेडबाई रात्रभर झोपलेल्या दिसत नव्हत्या. "कालचं माझं चुकलं. मी त्यांना थांबवायला हवं होतं. तो माणूस पुन्हा या घरात येणार नाही, मी शब्द देते."

"कर्नलसाहेबांचं काही नाही. ते तसेच आहेत."

"मग मी कुणालाच दाखवणार नाही. दिवाही काढते."

"आता सगळ्यांना माहीत आहे ना."

"पण तुम्हीच मागितलं होतं, केटुरा. त्याच्याशिवाय तुम्हाला..." त्या उठून उभ्या राहिल्या. "फळी ठोकली की तुम्हालाही दिसणार नाहीत."

"नाही दिसणार."

"पुन्हा कधीच."

"कुणालाच दिसणार नाहीत ना, बाईसाहेब?"

"नाही."

"मग झालं," केटुरा म्हणाली. "मला ते पाठ आहेत. तिला जाऊ दे आता. बाकी काही नको."

बाईसाहेब रडू लागल्या. केटुराला वाईट वाटलं. ती बाई मनाने वाईट नव्हती, आणि तिने दिलं तेवढं या घरात कुणी दिलं नव्हतं. मग केटुरा शेगडी साफ करायला निघून गेली.

एनॉकने दुपारी सोनेरी कड उपटली आणि फळी मापात कापली. ठोकायच्या आधी त्याने केटुराकडे बघितलं. तिने मान डोलावली. फळी एका बाजूने सरकत होती, तेव्हा केटुरानेच ती दोन्ही हातांनी दाबून धरली आणि त्याने खिळे मारले. मग पांढरा रंग दिला. वाळल्यावर कुठली फळी आधीची आणि कुठली नंतरची ते कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी केटुरा कोळशाची बादली घेऊन गॅलरीतून निघाली होती. समोरून विनिफ्रेडबाई आल्या. केटुरा थांबली, बादली खाली ठेवली, मान वर केली आणि बाईसाहेबांच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "गुड मॉर्निंग, बाईसाहेब."

विनिफ्रेडबाईंनी उत्तर दिलं ते खिडकीबाहेर बघून.